अठ्ठावन्न तास आराम

शनिवार, दहावा दिवस. किन्हवली, नदीवर. सकाळी साडेआठ ते अकरा.

हजर: तुझी बायको वैशाली, तुझी मुलगी सायली, मी तुझी बहीण, माझे मिस्टर, वैशालीचे दोन भाऊ, भावकीतली एकोणीस माणसं, आटगावच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून मॅनेजर. ड्रायव्हर एकच, मुरबाडचा गणपत. गैरहजर: बाकीचे एकवीस ड्रायव्हर. सगळ्यांचं कारण एकच, गाडीवर आहेत. त्यांतल्या सतरा जणांनी फोन केला. कोण कुठून बोलला तेही मी लिहून ठेवलं आहे. एक जण रायपूरच्या अलीकडून बोलत होता. रडायला लागला आणि मग म्हणाला, ताई, ठेवतो, पुढे टोल आलाय.

जगन, तू असतास तर म्हणाला असतास, "हितं पण हजेरी लावतंस गो?" हो, इथेही. सत्तावीस माणसं आणि तू. मला दुसरं काही येत नाही.

विधी सायलीने केले. भावकीत कुजबुज झाली, ती मी ऐकली नाही. पोरगी बारावीत आहे, तिला स्वतःच्या बापासाठी पाण्यात उभं राहता येतं. गुरुजींनी सांगितलेलं एकही काम तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते तिने कुणाकडून उचललं, मला माहीत आहे. तू लोड बांधताना दोरखंडाची गाठ एकदाच मारायचास आणि ती कधी सुटायची नाही.

सगळं उरकल्यावर मॅनेजरने मला बाजूला बोलावलं. पिशवीतून दोन कागद काढले. पहिल्या कागदावर वैशालीची सही हवी आहे. त्यात लिहिलं आहे की चालकाला अठ्ठावन्न तास पुरेशी विश्रांती मिळालेली असताना केवळ त्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, कुटुंबाची कोणाविरुद्ध तक्रार नाही, आणि मालक माणुसकीच्या नात्याने एकरकमी मदत देत आहेत. दुसऱ्या कागदावर माझी सही. फेरीपत्रकातल्या नोंदी खऱ्या आहेत, एवढंच. "तुमच्याच हातच्या नोंदी आहेत मॅडम, त्यात काय एवढं," तो म्हणाला. सोमवारी सकाळी दहाला तो घरी येणार आहे.

नोंदी माझ्याच हातच्या आहेत. पत्रकसुद्धा माझंच आहे.

तुला आठवत असेल, मी ऑफिसात लागले तेव्हा कोणती गाडी कुठे आहे ते मुकादम कॅलेंडरच्या मागे लिहायचा. मी पहिल्याच महिन्यात पत्रक बनवलं. गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, आणि मग तीन रकाने: चालू, भरणे-उतरवणे, आराम. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला मी तेवीस जणांना फोन करायचे आणि तास भरायचे. मालकांनी त्या वर्षी दिवाळीला मला कुकर दिला. तो कुकर मी तुला दाखवला तर तू म्हणालास, "तुला कुकर आन आमाला शिटी." मी हसले होते. नीट कळलं नव्हतं.

गाडी उभी आणि इंजिन बंद, म्हणजे आराम. हा नियम ना मॅनेजरने सांगितला होता, ना मालकांनी. मीच ठरवला. मला वाटलं, उभ्या गाडीत माणूस दुसरं काय करणार?

तुझा पगार मला तोंडपाठ होता, कारण तो मीच टाइप करायचे. महिन्याची ठरलेली रक्कम थोडी, बाकी सगळं भत्त्यावर. गाडी चालली तर किलोमीटरमागे भत्ता. गाडी उभी, तर काही नाही. त्या भत्त्यातूनच जेवण, आंघोळीचे पैसे, पंक्चर, वाटेत ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायचं ते. पूर्वी लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर असायचे, एक चालवायचा तेव्हा दुसरा मागे झोपायचा. मग मालकांनी एकच केला. मी पत्रकातून दुसऱ्या नावाची ओळ काढून टाकली आणि पत्रक अजून सुटसुटीत झालं.

आपलं भांडण गेल्या दिवाळीचं. म्हणजे सुरुवात आधीची होती, पण दिवाळीला तू पायरीवर बसून नीट मांडलंस. तू म्हणालास, कारखान्याच्या गेटबाहेर लाइनीत दोन-दोन दिवस जातात, तो आराम नाही, त्याचा वेगळा रकाना कर. मी म्हटलं, नाव काय देऊ त्याला? तू म्हणालास, "लायन. नुसतं लायन लिव. ज्याला कळायचं त्याला कळंल." मी सांगितलं की कागदात बसत नाही. आणि ते खरंच होतं, जगन. चौथा रकाना घातला तर अक्षर बारीक करावं लागत होतं आणि मॅनेजरला चष्म्याशिवाय वाचता आलं नसतं. मी तुला हे कारण दिलं. तू म्हणालास, "येक दिवस येऊन बघ गो ताय. नुसती उभी रहा." मी म्हटलं, मला ऑफिस आहे.

मी आले नाही. तू जे सांगायचास त्यातलं हसण्यासारखं तेवढं मी ऐकायचे. कारखान्यात शिरायला जाड बूट लागतात आणि ड्रायव्हरच्या पायात चप्पल, म्हणून गेटबाहेरचा चहावाला बूट भाड्याने देतो. एकच जोड दिवसभरात पंधरा जणांच्या पायात. "माझा पाय आठ नंबर, बूट अकरा. आत जाताना मी चालतो का बूट चालतात तेच कळत नाय," तू म्हणायचास. हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. सगळे हसले होते. त्या बुटाचं भाडं तुझ्याच भत्त्यातून जायचं, हे मी सांगितलं नाही, कारण मला ते सुचलंच नाही.

घरी तू महिन्यातून तीन दिवस असायचास. पहिला दिवस झोपेत जायचा. एकदा वैशाली पातेल्यावर पळी आपटत होती, भात सुटावा म्हणून, आणि तू आतल्या खोलीतून ताडकन उठून बाहेर आलास. डोळे मिटलेलेच. खिशात चावी चाचपत म्हणालास, "घेतो, घेतो, पुढं घेतो." सायली खो खो हसली. वैशालीने तुला हाताला धरून परत आत नेलं. नंतर तू समजावलंस की लाइनीत वॉचमन येतो आणि काठीने केबिनवर ठोकतो. ठोकलं की दोन गाड्यांएवढं पुढे सरकायचं. झोप लागली आणि सरकला नाहीस तर नंबर गेला, गाडी रांगेच्या शेवटी. मग पुन्हा पहिल्यापासून.

हे तू माझ्यासमोर सांगितलंस. मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एका ड्रायव्हरने लाइनीतून फोन उचलला आणि मी त्याच्या नावापुढे लिहिलं: आराम, चौदा तास.

आता आज गणपतने जे सांगितलं ते. तो मुरबाडहून मोटारसायकलवर आला होता. माणसं जेवायला बसली तेव्हा तो पंगतीत बसेना, आंब्याखाली एकटाच उभा होता. मी ताट घेऊन गेले. त्याने ताट घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

सोमवारी रात्री आठला तुम्ही दोघे त्या कर्नाटकातल्या कारखान्याच्या गेटवर पोचलात. तुझी गाडी पुढे, त्याची तीन गाड्या सोडून मागे. गुरुवारी सकाळी सहाला तुमच्या गाड्या आत घेतल्या. मधे अठ्ठावन्न तास. एवढं माझ्या पत्रकात आहेच. पत्रकात नाही ते असं की गणपतला मंगळवारी ताप भरला.

"जगन बोलला, तू पड. तुझी पण गाडी मीच पुढं घेतो." गणपत ताटाकडे बघतच बोलत होता. "माझी चावी घेऊन गेला. काठी वाजली का आधी सोताची पुढं घ्यायचा, मंग उतरून पळत मागं यायचा, माझी घ्यायचा. दोन दिवस दोन रात्री. मी पडूनच होतो, ताय. मला जाग यायची ती गाडी हालली म्हणून. आन मी परत झोपायचो."

किती वेळा, मी विचारलं. मी असंच विचारते. तो म्हणाला, मोजलं नाय, पन्नास असतील, जास्त पण असतील. मग तो म्हणाला, "माझ्या पत्रकात काय लिवलंय तुमी?"

मी सांगितलं. अठ्ठावन्न तास आराम.

"माझं खरंय," तो म्हणाला.

त्यानंतर तो जेवला. मी तिथेच उभी राहिले, कारण मला आत जाववेना. आत वैशाली होती.

वैशालीला काय वाटतं ते तुला सांगायला हवं. तिला वाटतं, तू रात्र रात्र मोबाईल बघत जागलास. मॅनेजरने तिसऱ्या दिवशी येऊन हे फार सभ्यपणे सुचवलं होतं. अठ्ठावन्न तास हातात असून माणूस झोपत नाही, म्हणजे काहीतरी बघत असणार, आजकाल सगळेच ड्रायव्हर बघतात, वगैरे. वैशाली उठली आणि पोलिसांनी परत दिलेला तुझा फोन तिने तांदळाच्या पिंपात खोल खुपसून टाकला. सायली चार्जर घेऊन आली तर तिच्या अंगावर ओरडली. तेव्हापासून ती तुझ्यासाठी रडत नाही, जगन. तुझ्यावर चिडून आहे. आल्यागेल्याला सांगते, "पोरीचा विचार नाय केला त्यानं. किती वेळा सांगितला होता, तो फोन बाजूला ठेवा." बायका माना हलवतात. एवढी चिडलेली बाई कागदावर सही पटकन करते. मॅनेजरला ते कळतं. मलाही कळतं.

आणि मी तिला थांबवलेलं नाही. दहा दिवस मी या घरात आहे. किराणा, दूध, भांडी, मंडप, गुरुजी, कोणाला कळवायचं, कोणाला वाढायचं, सगळं मी केलं. सगळ्या याद्या पुऱ्या झाल्या. एक वाक्य सोडून.

ते वाक्य असं आहे. गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी तुला फोन केला. तू म्हणालास, गाडी रिकामी झाली. मी म्हटलं, छान, परतीचं लोड अडीचशे किलोमीटरवर आहे, तीनच्या आत गाडी लागली पाहिजे, नाहीतर दुसऱ्याला जाईल. तू म्हणालास, "ताय, तीन-चार तास पडू दे. डोळे नाय उघडत."

मी समोरच्या पत्रकाकडे बघितलं. आणि म्हणाले, "अठ्ठावन्न तास पडूनच आहेस की रे. निघ आता."

तू हसलास. चिडला असतास तर बरं झालं असतं. तू मला एरवी ताय म्हणायचास आणि मी ऑफिसचं बोलायला लागले की मॅडम. "बरं मॅडम," म्हणालास आणि फोन ठेवलास. मी पुढचा नंबर लावला. तो गणपतचा होता. बंद होता. तो फोन बंद करून दुपारी चारपर्यंत झोपला आणि त्याचं परतीचं लोड गेलं. फोन बंद म्हणून मी सकाळीच त्याच्या नावापुढे लाल खूण केली होती.

तूही फोन बंद करू शकला असतास, का नाही केलास? हे मी तुला रागाने विचारते आहे, आणि दुसऱ्या कुणाला विचारणार? बावीस जण बंद करतात. बॅटरी संपली म्हणतात, रेंज नव्हती म्हणतात, आणि मी ओरडते आणि पुढे जाते. तू कधीच केला नाहीस. का ते मला माहीत आहे. तू एकदा लग्नासाठी दोन दिवस जास्त मागितलेस तेव्हा ऑफिसात कुणीतरी बोललं होतं की बहीण खुर्चीत आहे, त्याला काय. त्या दिवसापासून मी तुझ्याशी इतरांपेक्षा कडक वागायचं ठरवलं आणि तू माझी मान खाली जाऊ द्यायची नाही असं ठरवलंस. आपण दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलं नाही. दोघांनीही नीट पाळलं.

आणि ती खुर्ची तूच दिलीस. यांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सहा महिने घरात बसून रेशनच्या डब्यांवर लेबलं लावत होते. तू शहापूरला टायपिंगच्या क्लासचा फॉर्म आणलास, फी भरून आलास आणि मग मला सांगितलंस. वर्षभराने मालकांपुढे जाऊन उभा राहिलास, माझी बहीण कामाला चोख आहे म्हणून. त्या दिवशी तू भातसानगरला, जिथे बाबा धरणावर कामाला होते आणि जिथे तू पाण्याचा टँकर चालवत गाडी शिकलास, तिथे मला घेऊन गेलास आणि भजी खायला घातलीस. म्हणालास, आता घरात दोन पगार सुरू झाले, ताय. मला आजवर कुणी इतकं सरळ काही दिलेलं नाही. मी त्याबद्दल तुझे आभारसुद्धा मानले नव्हते. तेव्हा वाटलं होतं, भावाचे आभार काय मानायचे?

गुरुवारी बारा पन्नासला ऑफिसचा फोन वाजला. कानडी वळणाचं हिंदी. गाडीच्या दारावर आपला नंबर असतो, तो वाचून पोलिसाने लावला होता. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर तुझी रिकामी गाडी मागून आदळली होती. ब्रेक मारल्याची खूण नव्हती. दुसऱ्या कुणाला लागलं नाही. हे मी सगळं लिहून घेतलं. आधी वेळ लिहिली, मग गाडी नंबर, मग तो सांगत होता त्या दवाखान्याचं नाव. नावाच्या स्पेलिंगला त्याला थांबवलंसुद्धा. मग तो म्हणाला, ड्रायवर का कोई घरवाला है क्या उधर? तेव्हा मी पेन ठेवलं.

काल मी सगळ्यांची जेवणं झाल्यावर बसून दोन पानं लिहिली. सोमवार रात्र ते गुरुवार सकाळ. मी केलेले फोन, तू काय बोललास, मी काय लिहिलं. आज गणपतचं सांगणं त्यात घातलं. तो सही करायला तयार आहे. म्हणाला, नोकरी गेली तर गेली, मुरबाडला गाड्या कमी नाहीत. शेवटी गुरुवार, आठ वाजून दहा मिनिटं, तेही घातलं, जसंच्या तसं. सोमवारी मॅनेजरला त्याचे कागद कोरे परत देऊन ही पानं त्याच्या हातात द्यायची. माझी खुर्ची त्याच दिवशी जाईल. त्याची मी तयारी केली आहे. ऑफिसातल्या किल्ल्या, शिक्का, ड्रॉवरमधल्या वस्तू, कोणाला काय सोपवायचं ते लिहून ठेवलं आहे. पुढे काय होईल ते वकील सांगेल. शहापूरच्या वकिलाची बुधवारची वेळ घेतली आहे.

पण तक्रार वैशालीच्या नावाने करावी लागेल, तिच्या सहीशिवाय यातलं काहीच होणार नाही. आणि ती सही मागायची तर तिला आधी सांगावं लागेल की फोन बघत कुणी जागलं नव्हतं. तू एका तापाने पडलेल्या माणसाची गाडी पुढे घेत जागलास आणि मग झोपायला मागितलंस आणि नाही कोण म्हणालं. ती मला वन्सं म्हणते. एकोणीस वर्षं माझ्याशिवाय तिने घरात साधा पडदासुद्धा घेतलेला नाही. ती माझ्याकडे पुन्हा कधी बघेल की नाही, हे कुठल्याही पानावर मांडून कळणार नाही.

आज दुपारी पंगत उठल्यावर ती मॅनेजरने दिलेला तो कागद घेऊन माझ्याजवळ आली. डोळे कोरडे. म्हणाली, "वन्सं, सही कुठं करायची तेवढं दाखवा. एकदाचं होऊन जाऊ दे."

मी म्हटलं, सोमवारपर्यंत वेळ आहे.

आता संध्याकाळचे साडेसहा. माणसं गेली. वैशाली मागच्या पडवीत मंडपवाल्याची भांडी धुऊन पालथी घालते आहे, सायली तिला पाणी काढून देते आहे. दोघींच्या मधे एक पाट रिकामा आहे. तिथे जाऊन बसायचं आणि दोन वाक्यं बोलायची: त्याने झोपायला मागितलं होतं. मी निघ म्हणाले. एवढंच आहे, मी दोनदा लिहून बघितलं.

अजून उठलेले नाही.